संगणकाचे दप्तर आणि त्याचा वेग

रत्नागिरी जिल्ह्यातील घरांत संगणक बहुधा एका ठराविक वाटेने येतो. मुंबईत किंवा पुण्यात नोकरीस असलेला मुलगा, पुतण्या अथवा भाचा तो प्रथम विकत घेतो, काही वर्षे वापरतो, आणि तिकडे नवे यंत्र आले म्हणजे जुने यंत्र गणपतीच्या वा मे महिन्याच्या सुटीत चाकरमान्यांच्या सामानाबरोबर कोकणात रवाना होते. येथे त्याच्यावर सोपविली जाणारी कामे मात्र मुळीच दुय्यम नसतात. हापूसच्या पेट्यांचा हिशेब, दलालाकडून आलेल्या पट्ट्या, सातबाराचे उतारे, मुलांच्या परीक्षांचे अर्ज, देवस्थानच्या पावत्या आणि घरातील तीन पिढ्यांची छायाचित्रे, असा सारा ऐवज त्याच एका यंत्राच्या स्वाधीन केला जातो. मग एकदोन पावसाळे उलटले, की 'फार स्लो झालाय, सारखा हँग होतो' अशी कैफियत सुरू होते. त्यावर कोणी 'फॉरमॅट मारून घ्या' असा सल्ला देतो, कोणी व्हायरसवर ठपका ठेवतो, तर कोणी यंत्र जुने झाले, आता नवेच घ्या, असा अखेरचा निकाल देऊन मोकळा होतो. माझ्या मते या निकालांपैकी बहुतेक पुरावा न पाहता दिलेले असतात. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या संगणकाचा प्रोसेसर घरगुती कामास आजही पुरेसा समर्थ असतो. दिरंगाई होते ती त्याला लागणारा मजकूर ज्या ठिकाणी साठविलेला असतो त्या ठिकाणी, आणि तीही एका विशिष्ट प्रकारची असते, जी ओळखल्यावाचून तिच्यावर उपाय करणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय.

संगणकात दोन प्रकारच्या स्मृती असतात, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. एक रॅम, जी अत्यंत चपळ असते परंतु वीज जाताक्षणी सारे विसरते. आणि दुसरी ड्राइव्ह, जिच्यावर लिहिलेले वीज गेल्यावरही कायम राहते. प्रोसेसरने मागितलेली वस्तू रॅममध्ये असली तर ती त्याला सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात मिळते. ती तेथे नसून फिरत्या हार्ड डिस्कवर असली, तर त्याच वस्तूसाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दहा ते पंधरा पट काळ थांबावे लागते. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी आवर्तने करतो, हे लक्षात घेतले म्हणजे डिस्ककडून येणाऱ्या एका उत्तराची वाट पाहताना त्याची सुमारे चार कोटी आवर्तने निष्फळ जातात, असा हिशेब निघतो.

एवढा विलंब कशामुळे होतो, हे समजण्यासाठी हार्ड डिस्कची अंतर्गत रचना पाहिली पाहिजे. तिच्यात चुंबकीय द्रव्याचा लेप दिलेल्या गुळगुळीत चकत्या एका आसाभोवती अखंड फिरत असतात. टेबलावरच्या संगणकात बहुधा मिनिटाला ७२०० फेऱ्या, तर लॅपटॉपमध्ये सामान्यतः ५४००. एका बारीक भुजेच्या टोकाशी असलेले वाचनशीर्ष चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत राहते आणि हुकूम मिळताच हव्या त्या वर्तुळावर जाऊन उभे राहते. भुजा हलवून ते वर्तुळ गाठण्यास सरासरी ९ मिलिसेकंद लागतात; त्यानंतर हवा असलेला भाग फिरत फिरत शीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, आणि मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या हिशेबाने ही अर्धी फेरी ४.२ मिलिसेकंदांची होते. म्हणजे प्रत्येक मागणीस साधारण १३ मिलिसेकंद, आणि सेकंदाला साधारण ७५ मागण्यांची तामील. यात कारखानदाराची काही हयगय नाही. वस्तुमान असलेली भुजा हलवावयाची आणि चकती फिरवावयाची म्हटल्यावर पदार्थविज्ञानाने घालून दिलेली ही मर्यादा आहे.

जुन्या कचेरीतील दप्तरखान्याचा दाखला येथे चपखल लागू पडतो. फडताळांच्या लांबच लांब रांगा आणि त्यांत रुमालात बांधलेली दप्तरे असलेल्या दालनात एकच कारकून आहे, असे समजा. शिरस्तेदाराने एकच रुमाल मागवून त्यातील पाचशे कागद ओळीने वाचून दाखविण्यास सांगितले, तर कारकुनाला उठून जाण्याचे श्रम एकदाच पडतात आणि वाचन सपाट्याने चालते. परंतु त्याने पाचशे निरनिराळ्या रुमालांतील एकेक कागद मागितला, तर वाचावयाचा मजकूर तितकाच असूनही सारा दिवस फेऱ्या मारण्यातच खर्ची पडतो. हार्ड डिस्कच्या खोक्यावर जो वेग छापलेला असतो तो पहिल्या प्रकारचा, सलग वाचनाचा असतो. घरच्या संगणकाला दिवसभर करावे लागणारे काम मात्र बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे असते.

ही तफावत केवढी आहे ते आकड्यांतच पाहावे. सलग वाचनात साधारण हार्ड डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट देते, त्यामुळे १ जीबीचा एक चित्रपट ती सात सेकंदांत वाचून काढील. तोच १ जीबी मजकूर ४ केबीच्या सुट्या तुकड्यांत चकतीभर विखुरलेला असेल, तर २,६२,१४४ मागण्या होतात, आणि सेकंदाला ७५ या गतीने त्यांची पूर्तता होण्यास सुमारे ५८ मिनिटे लागतात. यंत्र तेच, मजकूर तितकाच; पण एकदा सात सेकंद आणि एकदा जवळजवळ एक तास. विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना, अँटिव्हायरसची तपासणी चालू असताना अशाच हजारो लहान फायली इकडून तिकडून मागविल्या जातात. आणि ही कामे एकाच वेळी सुरू झाली, म्हणजे डिस्कच्या दाराशी मागण्यांची रांग लागून पडद्यावरचा बाण गरगरत राहतो. सामान्य माणसाने मंदपणाला दिलेले 'हँग होणे' हे नाव पुष्कळदा या रांगेचेच असते.

या दोषाचा इतिहासही उद्बोधक आहे. आयबीएम कंपनीने १९५६ साली 'रमॅक' नावाची जी पहिली चकती-साठवण व्यवस्था बाजारात आणली, तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन एक टनाहून अधिक होते, आणि एवढ्या प्रचंड सरंजामात मावत होती सुमारे ५० लाख अक्षरे. कोणताही एक नोंदलेला मजकूर शोधण्यास तिला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. आज तळहातावर मावणारी २० टीबीची डिस्क रमॅकपेक्षा सुमारे चाळीस लाख पट अधिक मजकूर सांभाळते. परंतु शोधण्याचा अवधी मात्र ६०० वरून १३ मिलिसेकंदांवर, म्हणजे अवघा ४५ पटींनी खाली आला आहे. साठवणीची बेगमी लाखो पटींनी वाढली आणि शोधाची चपळाई पन्नासपटही वाढली नाही, या विषमतेतच घरगुती संगणकाच्या मंदपणाचे मूळ दडलेले आहे.

ही कोंडी फोडली ती फ्लॅश स्मृतीने. जपानमधील तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना मांडली, आणि आजचे एसएसडी नावाचे ड्राइव्ह व पेनड्राइव्ह ज्या 'नँड' प्रकारावर उभे आहेत त्याची माहिती १९८७ मध्ये जगापुढे आली. अमेरिकेत इंटेल कंपनीने स्वतःचे जे पहिले फ्लॅश तंत्र सिद्ध केले त्याच्या सहसंशोधकांत, पुढे 'पेंटियम'चे जनक म्हणून ख्यातनाम झालेले आणि १९५० साली पुण्यात जन्मलेले विनोद धाम हे एक होते. या स्मृतीत फिरणारे, हलणारे काहीच नाही; सूक्ष्म कोठड्यांत विद्युत्भार अडकवून ठेवला जातो आणि त्याच्या पातळीवरून अंक वाचला जातो. भुजा नाही, फेरी नाही. त्यामुळे मजकूर कोठेही असला तरी तो मिळण्यास सेकंदाचा सुमारे दहा हजारावा भाग लागतो. वरच्या हिशेबातील २,६२,१४४ मागण्या, ज्यांना हार्ड डिस्कवर ५८ मिनिटे लागत होती, त्या साध्या एसएसडीवर अर्ध्या मिनिटाच्या आत पुऱ्या होतात.

खरेदीस निघालेल्या गृहस्थाची फसगत होते ती येथून पुढे. दुकानात दोन जातींचे एसएसडी असतात. साटा जोडणीच्या ड्राइव्हचा सलग वेग सेकंदाला ५५० मेगाबाइटच्या आसपास थांबतो, कारण त्या जोडणीची मर्यादाच ६०० ची आहे. एनव्हीएमई जातीचे ड्राइव्ह ३५०० पासून ७००० पर्यंतचे आकडे खोक्यावर मिरवितात. हे आकडे खोटे नसतात, पण ते सलग वाचनाचे असतात. एका वेळी एकच लहान मागणी असताना, म्हणजे घरगुती वापरातील नित्याच्या परिस्थितीत, एनव्हीएमई साटापेक्षा फार तर दीडपट-दुपटीने पुढे असते; उलट हार्ड डिस्कवरून साध्या साटा एसएसडीवर येताना पडणारा फरक शंभरपटीहून अधिक असतो. म्हणून ज्याच्या जुन्या यंत्रात फक्त साटा जोडणी आहे त्याने खंत करू नये. त्याहूनही जुन्या, ३०० मेगाबाइटचीच मर्यादा असलेल्या साटा-दोन जोडणीवर एसएसडी बसविला तरी त्याचा मुख्य लाभ, म्हणजे विलंबाचा लोप, जवळजवळ पूर्ण पदरात पडतो. मोठमोठ्या चित्रफितींचे संपादन करणाऱ्याने मात्र एनव्हीएमईच घ्यावे. त्यातही एम-डॉट-टू नावाच्या खाचेत दोन्ही जातींचे ड्राइव्ह बसू शकतात, पण प्रत्येक यंत्र दोन्ही चालवीलच असे नाही. तेव्हा यंत्राची माहितीपुस्तिका पाहून मगच पैसे मोजावेत.

दुसरी गोष्ट कोठडीत किती अंक कोंबले आहेत याची. टीएलसी प्रकारात एका कोठडीत तीन अंक, म्हणजे विद्युत्भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसीत चार अंक आणि सोळा पातळ्या. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितके लेखन मंद आणि झीज अधिक. हा मंदपणा झाकण्यासाठी ड्राइव्ह आपला काही रिकामा भाग एकअंकी पद्धतीने तात्पुरता वापरतो, त्यामुळे पहिले काही जीबी भराभर लिहिले जातात आणि तो भाग भरला, की वेग एकदम कोसळतो. स्वस्त क्यूएलसी ड्राइव्हमध्ये तो हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो. लग्नाचे संपूर्ण चित्रीकरण एका दमात उतरवून घेणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. थोडे अधिक पैसे देऊन टीएलसी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. झिजण्याच्या भीतीने एसएसडी टाळण्याचे मात्र कारण नाही: ५०० जीबीच्या सर्वसाधारण टीएलसी ड्राइव्हला ३०० टीबी लेखनाची हमी असते, आणि दररोज २० जीबी लिहिले तरी ती मर्यादा गाठण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागेल.

तथापि रोगनिदान होण्यापूर्वी औषध घेऊ नये. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील कामगिरीच्या पानावर डिस्क किती टक्के वेळ गुंतलेली आहे आणि ती उत्तरास किती मिलिसेकंद घेते, हे दोन्ही दिसते. डिस्क सतत १०० टक्क्यांवर, उत्तराचा अवधी शेकडो मिलिसेकंद, आणि प्रोसेसर मात्र दहा-वीस टक्क्यांवर स्वस्थ बसलेला, असे चित्र असेल तर दोष साठवणीकडे आहे यात संशय उरत नाही. त्याच पानावर रॅमही पाहावी. रॅम अपुरी पडली, म्हणजे विंडोज तिच्यातील मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते व पुन्हा परत आणते, आणि मग सारा बोजा डिस्कवर येऊन पडतो. ४ जीबी रॅमच्या यंत्रात एसएसडीबरोबर रॅमही ८ जीबी करून घेणे म्हणूनच हितावह आहे.

याखेरीज क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा विनामूल्य कार्यक्रम ड्राइव्हने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदी दाखवितो. त्यात बदललेल्या किंवा बदलण्याच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांची संख्या शून्याहून अधिक असून वाढत चालली असेल, तर तो मंदपणा निव्वळ मंदपणा नव्हे. चकतीवरचा एखादा भाग निकामी होऊ लागला, की डिस्क तोच भाग पुनःपुन्हा वाचण्याचा यत्न करीत राहते आणि संगणक थबकतो. लोक ज्याला 'हार्ड डिस्क उडाली' म्हणतात त्या प्रसंगाची ती पूर्वसूचना असते. अशा डिस्कवर वेगाचे प्रयोग करू नयेत, फॉरमॅटही मारू नये. तिच्यावरचा मजकूर आधी दुसरीकडे हलवावा.

डिस्क बदलण्याचे काम दुकानदार तासा-दोन तासांत करून देतो. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्यावर उतरविता येते, पण यंत्रात वर्षानुवर्षांचे अनावश्यक कार्यक्रम साचलेले असतील तर नव्याने विंडोज घालणे बरे. नव्याने घालताना एक गोष्ट विसरू नये: विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, अशा यंत्रावर उबुंटूसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली घालून घेतल्यास पत्रव्यवहार, हिशेब आणि इंटरनेट यांत काही उणे पडत नाही. एसएसडीवर पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. फ्लॅश स्मृतीत लिहिलेल्यावर थेट दुसरे लिहिता येत नाही; आधी काही मेगाबाइटांचा संपूर्ण गट पुसावा लागतो. मोकळी जागा नसली, की प्रत्येक लेखनापूर्वी ही हलवाहलव करण्यात वेळ जातो. कोणता भाग आता नको आहे हे प्रणाली ड्राइव्हला 'ट्रिम' या हुकमाने कळविते आणि विंडोज ७ पासून हे आपोआप घडते. जुन्या सवयीने एसएसडीचे डीफ्रॅगमेंटेशन करण्यात काही लाभ नाही, उगाच झीज होते. फिरत्या हार्ड डिस्कला मात्र ते आजही उपकारक आहे, कारण विखुरलेले तुकडे सलग झाले की भुजेच्या फेऱ्या वाचतात.

वेगासंबंधी एवढे सांगितल्यावर कोकणातील माणसाला त्याहून महत्त्वाची एक गोष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. आपला जिल्हा पावसाचा; वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, चार महिने भिजलेली हवा, आणि मांडवी-भाट्ये परिसरात तर त्या हवेत समुद्राचे मीठ. धातूच्या जोडण्यांवर गंज चढतो, साटा केबलच्या टोकांवर मळी धरते, आणि कधी कधी केवळ ती टोके काढून स्वच्छ करून पुन्हा बसविली तरी 'बिघडलेली' डिस्क पूर्ववत चालू लागते. पावसाळ्यात यंत्र महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू ठेवणे चांगले, कारण आतील उष्णतेने दमटपणा निघून जातो.

दुसरे संकट विजेचे. लेखन वेगाने व्हावे म्हणून ड्राइव्ह आणि प्रणाली दोन्ही काही मजकूर आधी तात्पुरत्या स्मृतीत घेतात व मग सवडीने कायम करतात; त्या अवधीत वीज गेली, तर तो मजकूर गेला, आणि प्रसंगी फायलींची सारी नोंदवहीच विस्कटते. मोठ्या संस्थांसाठी बनविलेल्या महागड्या ड्राइव्हमध्ये अशा वेळी काम पुरे करण्यापुरती वीज साठविणारे कपॅसिटर असतात. घरगुती ड्राइव्हमध्ये ते बहुधा नसतात. जेथे पावसाळ्यात दिवसातून अनेकदा वीज लपंडाव खेळते, तेथे टेबलावरच्या संगणकाला यूपीएस ही चैनीची वस्तू मानता येणार नाही.

आणि तिसरे संकट साऱ्याच हिशेबांपलीकडचे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडील घरांची छपरे उडविली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडविले, आणि १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातील ग्रंथसंपदेलाही, २००५ च्या पुराप्रमाणेच, पुन्हा एकदा पाण्याचा तडाखा बसला. शंभर-दीडशे वर्षे जपलेले कागद जेथे एका रात्रीत लगदा होतात, तेथे टेबलाखालच्या खोक्यातील एका डिस्कची काय कथा! चांगल्यात चांगला एसएसडीसुद्धा या बाबतीत हार्ड डिस्कहून अधिक भरवशाचा नाही. किंबहुना तो बिघडतो तेव्हा पूर्वसूचनेवाचून बिघडतो आणि त्यातून मजकूर परत मिळविणे अधिक जिकिरीचे असते. शिवाय वीज न देता तो वर्षानुवर्षे कपाटात ठेवणे उचित नाही: पुरता झिजलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंश तापमानात एक वर्ष मजकूर टिकवावा, इतकीच अपेक्षा या धंद्याच्या मानकांत धरलेली आहे.

संगणकातून काढलेली जुनी हार्ड डिस्क, ती निरोगी असेल तर, येथेच कामास येते. बाजारात मिळणाऱ्या यूएसबी केसिंगमध्ये ती बसविली, की तिचा बाहेरचा ड्राइव्ह होतो, आणि प्रती काढून ठेवण्याच्या सलग लेखनात तिचा मंदपणा आड येत नाही. फक्त ती निळ्या रंगाच्या यूएसबी ३ खाचेत लावावी, कारण यूएसबी २ मधून सेकंदाला ३५-४० मेगाबाइटांपलीकडे काही जात नाही. महिन्यातून एकदा हिशेब, दाखले आणि छायाचित्रे तिच्यावर उतरवावीत, आणि आणखी एक प्रत मुंबईत वा पुण्यात असलेल्या आपल्या माणसाच्या घरी ठेवावी. दोन गावे एकाच पुरात बुडण्याचा संभव फार थोडा. ज्यांच्या घरी आज सारा मजकूर एकाच डिस्कवर आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, एसएसडी आणण्यासाठी बाजारात जाण्याआधी त्यांनी ती दुसरी प्रत काढून घ्यावी.